तेरा हात नवार

राजूर, तालुका अकोले
१२ डिसेंबर १९४६

प्रिय आई,

तुला सलाम. आठ महिन्यांत एक ओळ लिहिली नाही आणि आज एकदम एवढा जाड लिफाफा, म्हणून घाबरू नकोस. मी जिवंत आहे, धडधाकट आहे, तुरुंगात नाही. अक्षर वाकडं आलंय ते थंडीमुळे. इथं डोंगरात सकाळी बोटं वळत नाहीत, आणि पेन्सिल चहावाल्याची आहे. तो ती कानावर ठेवतो आणि गिऱ्हाईक उठलं की मागून घेतो, तेव्हा मध्येच ओळ तुटली तर समजून घे. खरं म्हणजे हे पत्र मी काल दुपारीच लिहायला बसलो होतो, पण बाजारात एक दरवेशी अस्वल घेऊन आला. ते अस्वल इतकं दमलेलं होतं, की नाचायचं सोडून लोकांच्या तोंडाकडे बघत बसलं. मीही त्याच्याकडे बघत बसलो, आणि दिवस गेला. तू म्हणशील, कृपादान तसाच राहिला. तसाच आहे. फक्त पाय आता पहिल्यासारखे ओढत नाहीत. पूर्वी रस्ता दिसला की बरं वाटायचं. हल्ली रस्ता दिसला की कुठं टेकायला दगड आहे का, ते आधी बघतो.

आई, चांगुणा सापडली. हे आधीच लिहून टाकतो, नाहीतर मी इकडचं तिकडचं लिहीत बसेन आणि कागद संपेल. ती इथं राजूरला आहे, गोदी तिच्याजवळ आहे, दोघी बऱ्या आहेत. बऱ्या म्हणजे जेवतात. चांगुणा घाटाच्या रस्त्याला खडी फोडते आणि गोदी खडीच्या ढिगाआड बसून खडे चोखते. आता चांगली चालायला लागली आहे. डांग्या खोकला गेला, पण घशात एक घरघर राहिलीय, ती बोलायच्या आधी ऐकू येते.

तुला तिचं नाव वाचून कसं वाटलं असेल, ते मला इथून दिसत नाही. तू चष्मा काढून पदरानं पुसला असशील. तो पूस, परत लाव, आणि पुढचं सगळं वाच. अर्ध्यात ठेवून प्रार्थनेला जाऊ नकोस.

गेल्याच्या गेल्या श्रावणात ती आली, तेव्हा मी घरी होतो. मिलिटरीच्या ट्रकवरून पडून घोटा मोडला होता म्हणून होतो, नाहीतर कुठला असायला. राळेगणची सून, नवरा लढाईच्या कामाला गेलेला, त्याचा ठावठिकाणा नाही, आणि मूल झालं तेव्हा गावानं बोटांवर महिने मोजले. सासऱ्यानं दारातून भाकरीही दिली नाही. ती पारनेरपर्यंत चालत आली आणि तिथून कुणाच्या तरी बैलगाडीत बसून नगरला, तुझ्या आश्रमात. तू तिला काय विचारलंस, ते मला आठवतं. महिन्यांचं काही विचारलं नाहीस. "हाताला घट्टे आहेत का?" म्हणालीस. तिनं तळवे दाखवले. "मग माग चालवशील. इथं देव भीक देत नाही, हातात धोटा देतो." तिला धोटा म्हणजे काय तेही ठाऊक नव्हतं. तिनं माझ्याकडे बघितलं आणि मी खाटेवर पडल्यापडल्या हात इकडून तिकडे नेऊन दाखवला. त्यावर ती हसली, आणि गोदी खोकायला लागली. तो खोकला ऐकून तू तिला दुसऱ्या बायकांच्या लेकरांपासून लांब ठेवलंस, अंगणापलीकडच्या जुन्या गाडीखोलीत. त्यात तुझं काही चुकलं नाही. पंधरा लेकरं होती तेव्हा आश्रमात, एकाला झालं की सगळ्यांना झालं असतं. एक माग तिथं लावून दिलास आणि मला म्हणालीस, नुसता पडून खातोस, तर तिला नवार शिकव आणि गाणंही शिकव.

आता गाण्याचं. मला ते लहानपणापासून इतकं अंगवळणी पडलंय, की दुसरीकडे कुठं असं मोजत नाहीत हे मला बाहेर हिंडायला लागल्यावर कळलं. बाहेर सांगितलं तर लोक हसतात. बाबांनी रचलेलं ते पहाटेचं गाणं म्हणत धोटा टाकायचा, ध्रुपदासकट गाणं एकदा संपलं की हातभर नवार होते, मग मागाला टांगलेल्या सुतळीला एक गाठ मारायची. चार विसा गाठी झाल्या की एका खाटेची नवार पुरी, तिथं कापायचं. वीसच्या पुढं मोजता न येणाऱ्या बायकांना तू हे काढून दिलंस, आणि बन्सीशेठच्या दुकानात तुझी नवार कधी गजानं मोजली गेली नाही. नव्या आलेल्या प्रत्येकीला तू सांगायचीस, गज खोटा निघेल, गाणं निघायचं नाही. मनात लबाडी असली की कडवं अडखळतं. मी हे वाक्य दाराशी उभा राहून इतक्या वेळा ऐकलंय, की झोपेत म्हणेन.

आणि शेपूट. दोन खाटांच्या ताण्याला दोन नवारी कापून झाल्या की मागावर शेवटी जे चार हात उरतं, ते विणकरणीचं. ते विकायचं नाही, लेकरासाठी वापरायचं. कुणी त्याची पाळण्याची दोरी करायची, कुणी कमरपट्टा. आश्रमातली सगळी लेकरं त्या चार-चार हातांत वाढली. तो नियम तुझाच, आणि मला वाटतं, तू केलेल्या नियमांतला सगळ्यात चांगला तो.

चांगुणाला मी दीड महिना शिकवलं. तशी ती चटकन शिकली, मीच वेळ लावला. ताणा लावायचा सोडून तिला ट्रकच्या गोष्टी सांगायचो. ती म्हणायची, "दादा, तुमचं त्वांड चालतं तसा हात चालला असता तर समद्या नगराला खाटा पुरल्या असत्या." गाणं शिकताना आधी लाजली. मग म्हणाली, "तुमचा देव गानं ऐकतो व्हय? आमचा नुसता बघत बसतो." मी म्हटलं, ऐकतो म्हणे, आमची आई सांगते. दसऱ्याच्या आसपास घोटा बरा झाला आणि मी गेलो. ताणा अजून अर्धाही झाला नव्हता. एक कापसाच्या गाडीवाला मनमाडला चालला होता, त्याला गप्पांना माणूस हवं होतं. त्या क्षणी मला तेवढं कारण पुरलं.

पुढचं मला तुझ्याकडूनच कळलं, ईस्टरला आलो तेव्हा. तू भाकरी वाढता वाढता सांगितलंस. बन्सीशेठनं दोन नवारी परत पाठवल्या, खाटा पायथ्याशी उघड्या राहिल्या म्हणून. तू आयुष्यात पहिल्यांदा नवार मोजलीस. दोन्ही तेरा-तेरा हातांनी आखूड. कंट्रोलचे दिवस, सुताच्या परमिटासाठी तू स्वतः कचेरीच्या पायऱ्या झिजवलेल्या. मग तू गाडीखोलीत गेलीस आणि गोदीचा पाळणा बघितलास. तो एका शेपटीत नाही, सात शेपट्यांत बांधलेला होता. दुपदरी, तिपदरी, खाली झालरसुद्धा. तू तिला विचारलंस, गाणं म्हणून मोजलंस ना? "व्हय बाई." पूर्ण? "पूर्न." मग तू तिला रविवारी दालनात भक्तीच्या वेळी सगळ्यांसमोर उभं केलंस. कबूल कर, देव क्षमा करतो, आम्हीही करू. ती म्हणाली, "जे केलंच न्हाई त्ये कबूल कसं करू, बाई?" पुढच्या रविवारीही तेच, त्याच्या पुढच्याही. तिसऱ्या रविवारनंतर सोमवारी सकाळी गाडीखोली रिकामी होती, आणि तुझ्या ओट्यावर पाळण्याची सगळी नवार सोडून, गुंडाळून, नीट गाठ मारून ठेवलेली होती. तू तिला जा म्हणाली नव्हतीस, हे तू मला दोनदा सांगितलंस. मी तुला काय म्हणालो, आठवतं? तोंडात घास होता. म्हणालो, अशा बायकांचं असंच असतं, आई, तू कशाला जिवाला लावून घेतेस. तू आणखी एक भाकरी वाढलीस. मी ती खाल्ली.

ते वाक्य मी नंतर बरेच दिवस विसरून गेलो होतो. आता तेच सारखं आठवतं.

दिवाळीच्या आधी मी बेलापूरकडे होतो, कारखान्याला ऊस तोडायच्या टोळीत. काम वाईट, पानं अंग कापतात, पण रात्रीचं जेवण भरपूर मिळायचं. टोळीचा मुकादम आसाराम म्हणून होता, त्याला तोंडानं रेल्वेच्या इंजिनाचा आवाज काढता यायचा, हुबेहूब, सगळे डबे रूळ बदलताना वाजतात तसा. असो. एका रविवारी अंग दुखत होतं, कामाला गेलो नाही, म्हणून बेलापूरच्या मंडळीत भक्तीला गेलो. बाबा तिथं शाळामास्तर होते, माझा जन्म तिथला, हे सगळं मला ऐकून माहीत. मी मागच्या चटईवर बसलो. आणि त्यांनी बाबांचं गाणं धरलं.

आई, तिसरं कडवं संपलं. मी श्वास घेतला आणि आजवर चौथं समजत आलो त्या पाचव्याला सुरुवात केली. माझा आवाज तुला ठाऊक आहे, फाटका आणि मोठा. सगळी मंडळी एकीकडे आणि मी दुसरीकडे. ती माणसं भलतंच काहीतरी म्हणत होती, चाल तीच, शब्द मी जन्मात न ऐकलेले. पुढच्या पोरी मागं वळून हसल्या. मी गप्प बसलो. पाळण्याचं काहीतरी होतं त्यात, आणि पहाटे जागं झालेल्या तान्ह्याचं. एवढंच कानावर आलं, आणि ते संपून माझं पाचवं सुरू झालं. भक्ती सुटल्यावर शेजारच्या म्हाताऱ्यानं माझं नाव विचारलं. सांगितलं, तसा त्यानं माझा दंड धरला. "योसेफ मास्तरांचा तू? आन् तुलाच त्ये कडवं येत न्हाई? आरं, गानं आधी पाच कडव्यांचं हुतं. तू झालास त्या सकाळी मास्तरांनी मधी त्ये जोडलं. समद्या गावाला शिकवलं, आन् तुलाच ऱ्हायलं व्हय?"

मी उसाच्या फडावर परत गेलो नाही. नदीकाठी जाऊन बसलो. मला आपली चूल आठवत होती. तू भाकऱ्या थापताना हेच गाणं म्हणायचीस, आणि तिसरं कडवं संपलं की फुंकणी उचलायचीस. जाळ चांगला लागलेला असला तरी उचलायचीस. तीन-चार फुंकरा लांब लांब, मग फुंकणी खाली, मग पाचवं. मला लहानपणी वाटायचं, गाण्यात तिथं फुंकणीची जागाच आहे. बाबा गेले तेव्हा मी चार वर्षांचा, त्याच्या आधीचं मला काही आठवत नाही. मागाच्या दालनात बायका सगळं गाणं म्हणत असतील, पण मी तिथं कधी पुरता थांबलोच नाही, थांबायचा माझा स्वभाव नाही. तूही त्या वेळी रांजणात पाणी आहे का ते बघायला बाहेर यायचीस, हे मात्र मी अंगणातून पाहिलंय. मला जे येतं ते चुलीपाशी बसून आलेलं गाणं. तेच मी गाडीखोलीत चांगुणाला शिकवलं. फुंकणीच्या जागेसकट शिकवलं, आई. तिसरं संपलं की इथं दम घ्यायचा, असं सांगून.

सहातलं एक कडवं कमी. मी हिशेबात कच्चा, नदीकाठच्या वाळूत काठीनं रेघा मारून बघितलं. ऐंशी वेळा एक कडवं कमी, म्हणजे तेरा हात आणि वर थोडं. तुझ्या मोजणीत आणि माझ्या रेघांत फरक आला नाही. तिनं एकही गाठ खोटी मारली नव्हती.

तेव्हाच घरी यायला हवं होतं. नगरची गाडी स्टेशनात उभी होती, मी ती बघितली आणि तिच्यात बसलो नाही. तुझ्यासमोर हे तोंडानं सांगायचं धाडस मला झालं नाही. आधी ती सापडू दे, मग सांगू, अशी मी पळवाट काढली. राळेगणला गेलो. तिच्या सासऱ्यानं ओट्यावरून उठायचेही कष्ट घेतले नाहीत, म्हणाला, "मेली आसंल." शेजारच्या बाईनं मात्र पाणी देता देता हळूच सांगितलं, की चांगुणाची मावशी अकोल्याच्या वरच्या अंगाला दिलीय. वरचं अंग म्हणजे किती डोंगर, ते त्या बाईला ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं. महिना गेला. कधी भाताच्या खळ्यावर राबलो, कधी नुसता चाललो. मला चालायचा कंटाळा येईल असं कधी वाटलं नव्हतं. तो आला.

राजूरला मी बाजाराच्या दिवशी पोचलो. पेढे घेतले, चांगले असतात इथले, खात खात घाटाच्या रस्त्याला लागलो. वळणावर खडी फोडणाऱ्या बाया बसल्या होत्या, तोंडाला फडकी बांधलेल्या, एकीसारखी दुसरी. त्यांतली एक हातोड्याच्या ठोक्यावर गुणगुणत होती. मी थांबलो. पहिलं, दुसरं, तिसरं. मग हातोडा वर राहिला, तिनं एक लांब श्वास घेतला, सोडला, आणि पाचवं सुरू केलं. आई, ते गाणं असं म्हणणारी माणसं जगात तीनच आहेत.

तिनं मला ओळखलं आणि आधी गोदीला मागं घेतलं. मग म्हणाली, "बाईंनी धाडलंय व्हय? म्या काय बी नेलं न्हाई तिथनं. वट्यावर ठिवलं हुतं समदं." मी म्हटलं, माहीत आहे. "मग कशाला आलासा?" मी तिथंच खडीवर बसून तिला सगळं सांगितलं, बेलापूर, म्हातारा, रेघा. फुंकणीचं सांगितलं नाही. ते तिला सांगायचं माझं काम नव्हे. एवढंच म्हटलं, की मी तुला एक कडवं कमी शिकवलं, चूक माझी. तिनं बाजूचा हातोडा उचलला. मला वाटलं, आता हातोडा मारते का काय. ती म्हणाली, "मला वाटलं, लेकरासाठी एवढं देत्यात हितं." परत म्हणाली, "म्या म्हनलं, केवढी मोठ्या मनाची मानसं. तीस हात! पानी वाहनाऱ्या साळूबाईला चुंबळीला दिलं त्यातलं, तिचं डोचकं दुखायचं म्हनून." मग फडकं सोडून तोंड पुसलं आणि कामाला लागली. थोड्या वेळानं आपणहून बोलली, की रविवारी सगळ्यांच्या समोर उभं राहायला लागलं त्याचं काही नाही, गावात त्याच्याहून वाईट उभं केलं होतं. पण आश्रमात पहिल्यांदा तिला वाटायला लागलं होतं, की वरती कुणीतरी खरंच ऐकतंय. "त्येच तेवढं गेलं," म्हणाली. मी विचारलं, मग गाणं का म्हणतेस? तर म्हणे, "सव लागली. आन् गोदी त्याच्यावर निजती."

मी तिला म्हटलं, चल नगरला. ती नाही म्हणाली. रागानं नाही, दमल्यासारखं. त्या दालनात पुन्हा पाय ठेवायला नको म्हणते. पण इथं एक गोष्ट चाललीय. गावातले आप्पासाहेब म्हणून गृहस्थ आहेत, भाताचे व्यापारी, ते वरच्या वाड्यांतल्या बायांसाठी नवारीचे चार माग बसवताहेत. शिकवायला बाई पाहिजे. राहायला मागाशेजारी खोली, पुढं पायरी, दाराला कडी असलेली. चांगुणा गेली होती विचारायला. त्यांनी तिच्याकडून धोटा टाकून घेतला, हात बघून खूश झाले, आणि मग विचारलं, कुठं शिकलीस? तिनं आश्रमाचं नाव सांगितलं. "मग तिथल्या बाईंची चिठ्ठी आण. दुसऱ्याचं सूत हातात द्यायचं म्हणजे माणूस माहीत पाहिजे." ती म्हणाली, चिठ्ठी मिळायची नाही, आणि खडीवर परत आली. मी त्यांना जाऊन भेटलो. माझ्या अवताराकडे बघून त्यांनी मला चहा दिला, पण माझ्या शब्दाला काही किंमत नाही, हे त्यांनाही दिसलं. नाताळ होऊन जो सोमवार येतो, तोपर्यंत ते थांबणार आहेत. नाहीतर संगमनेरहून कुणीतरी येतेय. पुढं उन्हाळ्यात खडीचं कामही बंद होतं म्हणतात, आणि मावशीच्या घरात तिची दोन वेळची भाकरी आत्ताच मोजली जाते.

मी हे पत्र लिहितोय, हे तिला ठाऊक नाही. तिनं ऐकलं असतं तर म्हणाली असती, बाईंना तरास नको.

आता मला तुझ्याकडून काय पाहिजे ते सांगतो, आई. ओट्यावर ठेवलेली ती गुंडाळी तू फेकली नाहीस, मला माहीत आहे. तुझ्या कपाटात खालच्या कप्प्यात आहे, तुझी शाल ठेवतेस तिच्या मागे, मी ईस्टरला बघितलीय. ती काढ आणि मोज. माझ्या शब्दावर जाऊ नकोस, मी तुला आजवर पुष्कळ खोटे शब्द दिलेत. तुझे ते नेहमीचे चार हात बाजूला काढ, साळूबाईच्या चुंबळीतले चार यात धर, आणि उरतील त्याचे दोन भाग कर. तेरा आणि तेरा येतील. मग दालनात जाऊन बायकांना एकदा सगळं गाणं म्हणायला सांग. या वेळी पाणी बघायला बाहेर येऊ नकोस. चौथं कडवं किती बोटं भरतं, ते तिथं उभी राहून बघ.

माझा तुझ्यावर राग नाही. कसा असेल? ते कडवं तू का गाळलंस, मी विचारणार नाही. बावीस वर्षांच्या बाईला, कडेवर चार वर्षांचं पोर असताना, चुलीपुढं बसून ते म्हणवत नसेल, एवढं माझ्यासारख्यालाही कळतं. मी शिकवलं, तू मोजलंस, ती उभी राहिली. तिघांपैकी एकीनंच भोगलं. आता राजूरच्या आप्पासाहेबांच्या नावानं चिठ्ठी लिही, तुझ्या सहीची, की चांगुणा प्रामाणिक आहे आणि तिचं माप खरं आहे. सोमवारच्या आत पोचली पाहिजे. मी तोवर कुठंही जात नाही. पेन्सिलवाला मला ठेवून घेतो म्हणालाय, पेले विसळायला. आणि आई, त्या चिठ्ठीच्या पाठीमागे बाबांचं ते चौथं कडवं तुझ्या हातानं लिहून धाड. कुणाकडून लिहवून घेऊ नकोस. चांगुणाला वरच्या वाड्यांतल्या बायांना शिकवायचंय, तिच्याकडे गाणं पूर्ण पाहिजे, नाहीतर राजूरच्या सगळ्या खाटा पायथ्याशी उघड्या राहतील. आणि ते माझं आहे असं बेलापूरचा म्हातारा म्हणतो. मला अजून येत नाही.

तुझाच,
कृपादान